सात मिनिटांत एक युद्ध: मोबाइलवर बोलका धडा कसा तयार करायचा

माझा भाचा पोलीस भरतीच्या तयारीसाठी अंबाजोगाईत आमच्याकडं राहायला होता. पहाटे पाचला मैदान, दुपारी अभ्यासिका आणि रात्री ताटावर बसल्या बसल्या डुलक्या. एक दिवस म्हणाला, "मामा, ते युक्रेनचं काय चाललंय ते एकदा नीट सांगून मोबाइलवर टाका की. पळता पळता ऐकतो." मी टाकलं. बावीस मिनिटं बोललो. मागं कूलर घरघरत होता, मध्ये कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या, आणि शेवटी शेवटी मलाच कळेना की मी २०१४ मध्ये आहे की २०२२ मध्ये. भाच्यानं किती ऐकलं? तीन मिनिटं. "तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पळायलात मामा," एवढंच बोलला.

त्यानंतर असे साठेक ऑडिओ झाले, प्रत्येक सात मिनिटांच्या आतला. ऐकणाऱ्यांत भरतीची पोरं आहेत, दोन किराणा दुकानदार आहेत, केजकडचे एक निवृत्त हवालदार आहेत आणि काही शिक्षक. मी सैन्यात नव्हतो, रेडिओवरही नव्हतो. चुकत चुकत जे हाताला लागलं ते पायरीपायरीनं लिहितोय. तुमचा विषय युद्ध नसेल तर सहाव्या पायरीपासून वाचलंत तरी चालेल.

लागणारं साहित्य

• आवाज रेकॉर्ड होतो असा कोणताही मोबाइल
• तारेचा इअरफोन, रेकॉर्ड केलेलं ऐकून तपासण्यासाठी
• एक जाड गोधडी किंवा वाकळ
• दोनशे पानी वही आणि शाळेत वापरतात तो नकाशासंग्रह
• कोमट पाण्याचा तांब्या
• घरात संगणक असेल तर ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर; नसेल तर मोबाइलमधलं कापाकापीचं कुठलंही ॲप

महागडा माइक सुरुवातीला घेऊ नका. मी घेतला. त्यानं एवढंच झालं की कूलरचा आवाज अधिक स्वच्छ ऐकू यायला लागला.

१. एक ऐकणारा डोळ्यांपुढं ठेवा

"सर्वांसाठी" म्हणून बोललेलं कुणीच ऐकत नाही. मी भाच्याला सांगतो. त्याला बारावीपर्यंतचा भूगोल येतो, बातम्या तुकड्यातुकड्यांनी कळतात आणि त्याच्या कानाला धाप लागलेली असते. त्यामुळं माझी वाक्यं आपोआप आखूड झाली. तुमच्यासमोर आजी असेल, दुकानात गिऱ्हाईक सांभाळणारा मित्र असेल. एक माणूस पक्का करा आणि त्याच्याशी बोलता तसंच "तू" किंवा "तुम्ही" शेवटपर्यंत ठेवा. मध्येच "श्रोतेहो" आलं की समजा गाडी घसरली.

२. पहिलं युद्ध घराजवळचं घ्या

सगळे युक्रेन किंवा गाझापासून सुरू करतात. मी म्हणेन, मराठवाड्यातल्या माणसानं पोलीस ॲक्शनपासून, म्हणजे १९४८ मध्ये हैदराबादच्या निजामाविरुद्ध झालेल्या कारवाईपासून, सुरुवात करावी. कारण घरात कुणीतरी सांगणारं अजून असतं, गावांची नावं तोंडात बसलेली असतात, आणि आधुनिक युद्ध समजून घ्यायला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी त्या पाच दिवसांत सापडतात.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य निजामाच्या राज्यात शिरलं. मुख्य फौज सोलापूरकडून हैदराबादच्या रस्त्यानं निघाली आणि पहिल्याच दिवशी तिनं नळदुर्ग घेतलं. तिथला बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती येणं महत्त्वाचं होतं, नाहीतर पावसाळ्यात रणगाडे आणि गाड्या अलीकडंच अडकल्या असत्या. मोठ्या लढाईचा निकाल पूल, रस्ता आणि रसद यांवर कसा लागतो, हे सांगायला जगभर फिरावं लागत नाही. नळदुर्गला जाऊन आलेल्या माणसाला ते एका वाक्यात पटतं. १७ सप्टेंबरला निजामानं शस्त्रसंधी जाहीर केली. १८ ला निजामाचे सेनापती एल एद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढं रीतसर शरणागती पत्करली. आपण मुक्तिदिन १७ ला पाळतो. मग लढाई संपली कधी, १७ ला की १८ ला? हा प्रश्न ऑडिओत मुद्दाम विचारा. शस्त्रसंधी, शरणागती आणि करार या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे ऐकणाऱ्याच्या लक्षात तिथंच येतं. कोरियात २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाली, शांतता करार मात्र आजवर झालेला नाही, हे मग वेगळं समजवावं लागत नाही.

आता नावाकडं बघा. लष्करी नाव "ऑपरेशन पोलो". रणगाडे होते, विमानं होती, आणि लोकांच्या तोंडी नाव बसलं "पोलीस ॲक्शन". आपल्या सरकारला हा देशाच्या आतला मामला म्हणून दाखवायचा होता. १९५० मध्ये अमेरिकेनं कोरियात सैन्य उतरवलं तेव्हा राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनीही "पोलीस ॲक्शन" हेच वर्णन मान्य केलं, आणि ते युद्ध तीन वर्षं चाललं. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियानं युक्रेनवर चौफेर हल्ला केला, तेव्हा मॉस्कोनं त्याला "विशेष लष्करी कारवाई" म्हटलं. या तीन घटना एका मापाच्या नाहीत, आणि तसं भासवूही नका. पण कारवाईला नाव कुणी दिलं आणि का दिलं, हे विचारायची सवय इथून लागते.

या भागात मी एक घोळ केला, तो सांगतो. माझ्या पहिल्या ऑडिओत रझाकारांचे, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांचे, अत्याचार होते, त्यांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरला वकिली करायचा हेही होतं, आणि १७ तारखेला फटाके फुटून सगळं संपलं होतं. दोन दिवसांनी भाच्याच्या एका मित्राच्या आजीचा निरोप आला. त्यांचं माहेर धाराशिवकडचं. "बेटा, तुमच्या गोष्टीत सतरा तारखेनंतरचं कायच नाही. आमच्या घरची गोष्ट तर तिथूनच सुरू होते." मी वही पुन्हा उघडली. सैन्य आल्यानंतर मुस्लिम वस्त्यांवर जे हल्ले झाले, त्यांची पाहणी करायला नेहरूंच्या सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. उस्मानाबाद (आताचं धाराशिव), गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सगळ्यात जास्त होरपळले, असं तिनं नोंदवलं आणि मृतांचा अंदाज २७ हजार ते ४० हजार दिला. तो अहवाल कित्येक दशकं उघड झाला नव्हता. मी ऑडिओ नव्यानं केला. त्यात रझाकारांचे अत्याचार आहेत आणि हेही आहे, एकाची वजाबाकी दुसऱ्यातून न करता. काही लोकांनी शिव्या घातल्या. त्या दोन्हीकडून आल्या.

३. वहीत सहा प्रश्न लिहा

प्रत्येक युद्धासाठी मी हेच सहा प्रश्न लिहितो आणि उत्तर दोन ओळींपुढं जाऊ देत नाही:

• कोण कुणाशी लढतंय, आणि मागं कोण उभं आहे?
• नकाशावर नेमकं कुठं?
• ताजी ठिणगी कोणती आणि जुनी धग कोणती?
• कशानं लढतायत?
• सामान्य माणसाचं काय चाललंय?
• आपल्या बाजारात, आपल्या घरात त्याचं काय येतं?

तिसऱ्या प्रश्नावर नवखा माणूस हमखास अडतो. युक्रेनची ताजी ठिणगी फेब्रुवारी २०२२ ची. धग किमान २०१४ ची, रशियानं क्रिमिया ताब्यात घेतला आणि पूर्वेकडच्या दोनबासमध्ये लढाई पेटली तेव्हापासूनची. दोन्ही तारखा द्या, पण मागं जात जात थेट बाराव्या शतकात जाऊ नका. सात मिनिटं आहेत हो.

सहावा प्रश्न बहुतेक जण गाळतात, आणि लोक नेमकं तेच ऐकायला थांबतात. भारतात आयात होणारं बहुतांश सूर्यफूल तेल २०२२ पूर्वी युक्रेनमधून यायचं. काळ्या समुद्रातली बंदरं बंद पडली आणि आपल्या किराणा दुकानात पिशवीचा भाव वाढला. त्या दुकानदाराला युक्रेन कुठं आहे हे मग दाखवावं लागत नाही. डॉक्टरकी शिकायला गेलेली पोरं "ऑपरेशन गंगा"तून परत आली, त्यांत आपल्याकडचीही होती. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हुती बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा कित्येक जहाजं सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. दिवस वाढले, भाडं वाढलं.

४. अंतर घरच्या मापानं सांगा

"सत्तर किलोमीटर पल्ल्याचं रॉकेट" म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं काहीच येत नाही. "छत्रपती संभाजीनगरातून सुटलं तर जालना ओलांडून पडेल" म्हटलं की तो गप्प होतो. माझी काही तयार मापं घ्या:

मोठ्या तोफेचा, म्हणजे १५५ मिलिमीटरच्या हॉवित्झरचा, साधा गोळा २४ ते ३० किलोमीटर जातो. अंबाजोगाईत तोफ लावली तर परळी माऱ्यात.

गाझा पट्टी साधारण ४१ किलोमीटर लांब, म्हणजे लातूरहून औशाला जाऊन परत यावं तेवढी. क्षेत्रफळ ३६५ चौरस किलोमीटर. लातूर जिल्हा ७,१५७ चौरस किलोमीटरचा. म्हणजे जिल्ह्याचे वीस तुकडे केले तर त्यातला एक. आणि त्या तुकड्यात वीस लाखांहून जास्त माणसं. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या लातूर जिल्ह्याची लोकसंख्या साडेचोवीस लाख होती. "लोकांनी सुरक्षित ठिकाणी जावं" असं बातमीत येतं, तेव्हा जायचं कुठं हा प्रश्न या मापानं कळतो.

युक्रेन मात्र उलट. ६ लाख चौरस किलोमीटरच्या वर, जवळजवळ दोन महाराष्ट्र. तिथं एखादं गाव पडलं म्हणून "युक्रेन पडलं" असं होत नाही.

इथला खड्डा असा: तोफेचा पल्ला सरळ रेषेत मोजतात, एसटीचं अंतर घाटाच्या वळणांसकट असतं. नकाशावर पट्टी ठेवूनच मापा.

शस्त्रांचंही असंच. बॅलिस्टिक क्षेपणास्त्र म्हणजे गोफणीतला दगड. ज्वारी राखायला माळ्यावर बसलेल्या माणसाला विचारा. सगळा जोर सुरुवातीला, सुटला की वर जाऊन आपल्या वाटेनं खाली येतो. क्रूझ क्षेपणास्त्राचं इंजिन शेवटपर्यंत चालू असतं, ते खालून उडतं आणि वळणं घेतं. (हल्लीची काही बॅलिस्टिक क्षेपणास्त्रंही शेवटी दिशा बदलतात, पण पहिल्या ऑडिओत गोफण पुरे.) आणि ड्रोन तर आता शिवारात फवारणी करताना पोरांनी पाहिलेलाच आहे. आझरबैजान आणि आर्मेनिया २०२० मध्ये नागोर्नो-काराबाखसाठी ४४ दिवस लढले, तिथं ड्रोननं रणगाडे आणि तोफा टिपलेल्या जगानं पाहिल्या. युक्रेनमध्ये पुढं हिशेबच बदलला: वीस-पन्नास हजार डॉलरचा ड्रोन पाडायला कधी कधी तीस-चाळीस लाख डॉलरचं क्षेपणास्त्र उडवावं लागतं. कोंबडी राखायला हत्ती बांधायचा, तो किती दिवस पोसणार, असं मी त्या भागात म्हटलं होतं. पोरं अजून त्या हत्तीची आठवण काढतात.

५. आकडा बोलण्याआधी "कोण म्हणतंय" लिहा

माझ्या वहीत प्रत्येक आकड्यासमोरच्या पानावर एक रकाना असतो: कोण म्हणतंय. तो रिकामा असेल तर आकडा ऑडिओत जात नाही. युद्धात दोन्ही बाजू शत्रूचे मेलेले फुगवून आणि आपले दाबून सांगतात. संयुक्त राष्ट्रांचं मानवाधिकार कार्यालय युक्रेनमधल्या नागरिकांच्या मृत्यूंचे आकडे देतं, पण ते पडताळणी झालेल्या मृत्यूंचे असतात. खरी संख्या याहून बरीच जास्त असेल असं ते स्वतःच म्हणतं. म्हणून वाक्य असं करा: "संयुक्त राष्ट्रांनी पडताळलेले मृत्यू एवढे, आणि हा आकडा किमान समजायचा." तीन-चार शब्द वाढतात, वाढू द्या.

दुसरा खड्डा भाषेतला. इंग्रजी बातमीत "कॅज्युअल्टी" असतं आणि आपण धाडकन "मृत" म्हणून मोकळे होतो. मी झालो होतो. केजच्या हवालदारांचा रात्री साडेनऊला फोन: "गुरुजी, मेलेला आन् जखमी एकच आसतो का? जखमी तर मीबी झाल्तो." (मी गुरुजी नाही, पण त्यांनी तेच नाव पाडलंय.) आपल्याकडं नेमका शब्द आहे: हताहत. हत म्हणजे मारले गेलेले, आहत म्हणजे जखमी. सैन्याच्या मोजणीत बेपत्ता आणि पकडलेलेही कधी कधी त्यात धरतात. "हताहत" म्हणा आणि पहिल्यांदा वापरताना अर्थ सांगा.

तिसरा, मिलियन-बिलियनचा. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे अब्ज, शंभर कोटी. घाईत एक शून्य गळतंच, म्हणून हे गणित वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.

रेषांच्या नावांतही गफलत होते. पाकिस्तानशी आपली आंतरराष्ट्रीय सीमा वेगळी आणि १९७२ च्या सिमला करारातून आलेली नियंत्रण रेषा वेगळी. चीनशी आहे ती प्रत्यक्ष ताबा रेषा. कारगिल १९९९ सांगताना "सीमा" आणि "नियंत्रण रेषा" अदलाबदल करून वापरलंत, तर त्या युद्धातला कळीचा मुद्दाच हरवतो.

६. लिहा, पण कानासाठी

सात मिनिटांत माझे आठशेच्या आसपास शब्द बसतात. तुमचे किती बसतात ते एक मिनिट वाचून मोजा.

आपल्याकडं बोलायचा उत्तम नमुना म्हणजे कीर्तन. बुवा आधी अभंग घेतात, त्याचं निरूपण करतात, मग उत्तररंगात आख्यान लावतात आणि शेवटी पुन्हा त्याच अभंगावर येतात. ऐकणाऱ्याच्या हातात वही नसते, मागचं पान उलटता येत नाही, म्हणून ती परतफेरी लागते. मीही पहिल्या मिनिटात एक प्रश्न टाकतो ("एवढी मोठी फौज पुलावर का अडली असती?") आणि शेवटच्या मिनिटात त्यावर परत येतो.

पोवाड्याचा सूर मात्र इथं नको. शाहिराचा हक्क वेगळा, आपलं काम वेगळं. "शत्रूची दाणादाण उडाली", "धूळ चारली" असलं वाक्य लिहून झालं की मी स्वतःला विचारतो, म्हणजे नेमकं काय झालं? किती किलोमीटर मागं गेले? कुठला पूल गेला? उत्तर मिळालं तर ते लिहायचं, नाहीतर वाक्य खोडायचं. पोलीस पंचनामा लिहितात तसं: जागा, वेळ, काय दिसलं, कुणी सांगितलं.

हिंदी वाहिन्या बघून बघून "घुसपैठ", "सीजफायर का उल्लंघन" असं तोंडात येतं. घुसखोरी, शस्त्रसंधीचा भंग हे शब्द आपले आहेत, ते वापरा. पण ड्रोनला ड्रोनच म्हणा. "मानवरहित हवाई वाहन" म्हटलंत की भरतीचं पोरगं पुढच्या गाण्यावर जातं.

७. तोंड, श्वास आणि वाक्याचं शेपूट

मराठीत बोलताना सगळ्यात मोठी चूक वाक्याच्या शेवटी होते. आपलं क्रियापद शेवटी, "नाही" त्याच्याही शेवटी, आणि तिथवर येता येता श्वास संपून आवाज पडतो. कारगिलच्या भागात मी म्हणालो होतो, "हवाई दलाच्या विमानांना नियंत्रण रेषा ओलांडायची परवानगी नव्हती." रेकॉर्डमध्ये ऐकू आलं, "परवानगी न..." आणि पुढं हवा. दोघांनी उलटा अर्थ घेतला. कारगिल इतकं अवघड का गेलं, ५२७ जवान का गमवावे लागले, याचं एक मोठं कारण त्या शेवटच्या अक्षरांत होतं. रेषा न ओलांडता, खालून वर, शत्रूच्या नजरेपुढं चढायचं.

यावर उपाय दोन. कागदावर प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द अधोरेखित करा आणि तिथं पोचल्यावर आवाज मुद्दाम उचला. आणि जिथं "नाही" वर सगळं टांगलेलं असेल तिथं ते आधी आणा: "परवानगी नव्हती. कशाची? नियंत्रण रेषा ओलांडायची."

श्वासाच्या जागी तिरकी रेघ मारा. वाचायच्या आधी पाच मिनिटं मोठ्यानं कुठलाही अभंग म्हणा, जबडा सुटतो. थंड पाणी नको, चहाही लगेच नको. घशात साय बसल्यासारखं होतं.

आपल्या बोलीची लाज नको. मी "करायलेत", "इकडं-तिकडं" तसंच ठेवतो. पण अर्थ बदलेल तिथं जीभ सांभाळा. "चकमक"मधला च आणि "चीन"मधला च एक नाही. "जखमी"तला ज आणि "जेट"मधला ज एक नाही. परदेशी नावं तीनदा मोठ्यानं म्हणून मगच घ्या. खार्किव्ह आणि खेरसन ही दोन वेगळी शहरं आहेत, एक ईशान्येला आणि दुसरं दक्षिणेला, आणि पळणाऱ्या माणसाच्या कानाला ती सख्खी भावंडं वाटतात. म्हणून प्रत्येक वेळी दिशा जोडा: "दक्षिणेकडचं खेरसन".

आपले आकडेही गोंधळात टाकतात. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी. साठी ओलांडलेल्या माझ्या मेहुण्यालाही कानावर पडल्या पडल्या फरक कळत नाही. शक्य तिथं "साठला एक कमी" किंवा "जवळपास साठ" म्हणा. नेमका आकडा हवाच असेल तर दोनदा.

८. रेकॉर्डिंग

पहाटे साडेचार ते साडेपाच ही वेळ सोन्यासारखी. नंतर काकडा, भोंगे, दूधवाला आणि शेजारच्या गल्लीतला बोअर. दुपारी कूलर बंद केला तर घामानं जीव जातो आणि चालू ठेवला तर आवाज जातो. पावसाळ्यात पत्र्याखाली रेकॉर्डिंग करायचा विचारही करू नका.

मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका. कपड्यांचं उघडं कपाट असेल तर त्यात तोंड घालून बसा, नसेल तर डोक्यावरून गोधडी घ्या. बायको पहिल्यांदा घाबरली होती, आता चहा झाला की गोधडीला टिचकी मारते. फोन तोंडापासून एक वीत लांब आणि जरा बाजूला धरा. अगदी समोर धरलात तर प, फ, भ वर फुंकर बसते. "फौज", "भूसुरुंग", "पाणबुडी" म्हणून बघा, कळेल.

सुरुवातीला दहा सेकंद काहीही न बोलता खोलीचा आवाज घ्या. ऑडॅसिटीत तेवढाच तुकडा निवडून तिथल्या आवाज-घट सोयीला "हा गोंगाट ओळख" म्हणून सांगता येतं, मग ती तो सगळीकडून उणा करते. प्रमाणात वापरा, नाहीतर तुम्ही रांजणातून बोलताय असं वाटतं.

चूक झाली तर थांबू नका. एक टाळी वाजवा आणि ते वाक्य पहिल्यापासून म्हणा. नंतर कापताना पडद्यावर टाळीचं उंच टोक लगेच दिसतं.

९. कापणं आणि पाठवणं

टाळ्यांच्या जागा कापा, पार्श्वसंगीत घालू नका. फाइल एमपी-थ्री, मोनो, ६४ केबीपीएसवर काढली की मिनिटाला अर्धा एमबीसुद्धा लागत नाही. सात मिनिटांची फाइल साडेतीन एमबीच्या आत बसते. नेट रडकं असलेल्या तांड्यावरही ती उतरते. नावात क्रमांक, विषय आणि तारीख घाला. शिवाय क्रमांक आणि तारीख ऑडिओत तोंडानंही बोला. फाइलचं नाव पुढं पाठवताना बदलतं, तोंडचं बदलत नाही.

१०. काय पाठवायचं नाही

मे २०२५ मध्ये "ऑपरेशन सिंदूर"च्या दिवसांत माझ्याकडं एका रात्रीत चाळीसेक चित्रफिती आल्या. त्यातल्या काही चक्क संगणकावरच्या युद्धखेळातल्या होत्या, काही दुसऱ्याच देशातल्या जुन्या. चित्रफितीवरून माहिती घेऊन ऑडिओ करू नका. भारताबद्दलचा दावा असेल तर पत्र सूचना कार्यालयाची तथ्य-तपासणी बघा, आणि तिथं काही सापडलं नाही तर दोन दिवस थांबा. आपला ऑडिओ ही बातमी नव्हे, उशीर झाला तरी बिघडत नाही.

सैन्याच्या हालचाली कधीच बोलू नका. त्या वेळी शेजारच्या वाड्यातला एक जवान सुट्टी रद्द होऊन परत गेला. कुठल्या गाडीनं आणि कुठल्या ठाण्यावर, हे त्याच्या आईनं कौतुकानं सांगितलं. माझ्या जिभेवर ते वाक्य आलं होतं. सरकारनं तेव्हा माध्यमांना आणि समाजमाध्यमांवर लिहिणाऱ्यांनाही संरक्षण कारवाईचं थेट वर्णन करू नका अशी सूचना काढली होती. पण सूचना नसती तरी हे करू नये.

वाहिनीचा आवाज, सिनेमातला संवाद उचलून घालू नका. कुणा वयस्कर माणसाची आठवण रेकॉर्ड करणार असाल तर परवानगी त्यांच्याच आवाजात सुरुवातीला घ्या, आणि नाव वापरू की नको हे स्पष्ट विचारा. त्या आजींनी नाव नको म्हणून सांगितलं, म्हणून त्यांचं गावही मी इथं लिहिलेलं नाही.

११. चुकलं तर

चुकणार. मग जुनी फाइल गुपचूप काढून नवी टाकू नका. पुढं गेलेल्या प्रती गेलेल्याच असतात. वेगळा, अर्ध्या मिनिटाचा ऑडिओ करा. माझा असा होता: "भाग एकोणीस, म्हणजे विसाच्या आधीचा. त्यात मी जो आकडा मृतांचा म्हणून सांगितला, तो हताहतांचा आहे, म्हणजे मेलेले आणि जखमी मिळून. चूक माझी. सुधारलेला भाग खाली आहे." तो पाठवून झाला आणि दहा मिनिटांनी हवालदारांचा उलटा ऑडिओ आला, चार सेकंदांचा. मागं म्हशी हंबरत होत्या. "ऐकलं गुरुजी. आता 'आहत'चा ह जरा नीट म्हणा."